माणसं हटवा, असं मी म्हणत असे

पुष्कळ वर्षं माझं मत पक्कं होतं. जंगल राखायचं असेल तर आधी त्यातली माणसं बाहेर आणायला हवीत. मी त्या माणसांच्या वाईटावर नव्हते. त्यांचंही भलं बाहेर येण्यातच आहे, असं मला मनापासून वाटे. दवाखाना बोटीनं कित्येक तासांच्या अंतरावर, वरच्या वर्गांची शाळा नाही, डिझेल मिळालं तर रात्री दोन-तीन तास दिवे. असं जगणं चालू ठेवा म्हणणं हाच अन्याय, असा माझा युक्तिवाद असे. मेळघाटातल्या गावांच्या पुनर्वसनाबद्दल बोलताना मी तो मांडला, ॲमेझॉनबद्दल बोलतानाही मांडला. आता मांडत नाही. ब्राझीलमधल्या मामिराउआ या पूरजंगलाबद्दल वाचत गेले, तसतसा तो खिळखिळा होत गेला.

ॲमेझोनास राज्यात तेफे शहराजवळ जापुरा नदी सोलिमोंइसला मिळते. ॲमेझॉनच्या त्या टप्प्याला तिथे सोलिमोंइस म्हणतात. या दोन नद्यांच्या बेचक्यात मामिराउआ आहे. वर्षभरात पाणी 10 ते 12 मीटर चढतं आणि उतरतं, म्हणजे जवळजवळ चार मजले. मे-जूनमध्ये कोरडी जमीन शोधून सापडत नाही. घरं लाकडी खांबांवर असतात, नाहीतर ओंडक्यांच्या तराफ्यावर तरंगत असतात. पूर जास्त आला की घरातच आणखी फळ्या ठोकून जमीन उंच करायची. पातीचा कांदा, मिरची हे जुन्या होडीत माती भरून, ती होडी खांबांवर चढवून त्यात लावायचं. कसाव्याचे लवकर तयार होणारे वाण लावायचे आणि पाणी चढायच्या आत काढून, किसून, भाजून त्याचा रवाळ फारिन्या करून ठेवायचा. मासा आणि फारिन्या हेच रोजचं जेवण. काठ ढासळू लागला तर घर फळी फळी सोडवून मागे न्यायचं. कधी सगळं गावच हलतं.

इथल्या लोकांना रिबेरिन्यो म्हणतात. मूलनिवासी, रबराच्या तेजीत ईशान्य ब्राझीलमधून आलेले मजूर आणि पोर्तुगीज वंशाचे लोक यांच्या मिश्रणातून हा समाज घडला. रबराचा चीक काढणाऱ्याला व्यापारी उधारीवर सामान देई आणि ती उधारी फिटू नये असाच हिशेब ठेवला जाई. पिढ्यान्‌पिढ्या कर्जात ठेवलेल्या या लोकांकडून निसर्ग राखण्याची अपेक्षा कशी करायची, असं मी म्हणत असे. ज्याला उद्याची शाश्वती नाही तो आजच सगळं ओरबाडणार, हे मी गृहीत धरलं होतं.

तिथे घडलं ते निराळंच. पुरात तिथली शेकडो तळी नदीशी एकजीव होतात. पाणी उतरलं की मासे तळ्यांत अडकतात. 1970 च्या दशकात बर्फाच्या पेट्या आणि नायलॉनची जाळी घेऊन शहरांकडून मोठ्या बोटी येऊ लागल्या आणि तळी रिकामी होऊ लागली. तेव्हा गावकरी तळ्याच्या तोंडाशी पहाऱ्याला बसले. तेफेच्या कॅथलिक चर्चचे कार्यकर्ते त्यांच्या पाठीशी होते. गावांनी तळी वाटून टाकली: काही फक्त माशांच्या वाढीसाठी, काही गावाच्या खाण्यासाठी, काही विक्रीसाठी. हे सगळं अभयारण्य जाहीर होण्याच्या आधीचं आहे. हे कळलं तेव्हा माझ्या युक्तिवादाला पहिला धक्का बसला. राखण करायला त्यांना कुणा सरकारनं शिकवलं नव्हतं.

दुसरा धक्का बसला तो एका शास्त्रज्ञाच्या निर्णयानं. झोझे मार्सिओ आयरेस 1980 च्या दशकात लाल तोंडाच्या, पांढऱ्या केसांच्या उआकारी माकडाचा अभ्यास करायला मामिराउआत आले. त्यांच्या प्रयत्नांतून 1990 मध्ये तिथे राखीव क्षेत्र झालं, पण ज्या कायदेशीर प्रकारात ते झालं त्यात माणसाला राहायलाच परवानगी नव्हती. आत तर हजारो लोक राहत होते. आयरेस यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसं हलवण्याऐवजी कायदा हलवला. 1996 मध्ये मामिराउआ हे ब्राझीलमधलं पहिलं शाश्वत विकास राखीव क्षेत्र झालं, 11 लाख हेक्टरांहून मोठं, लोकांसकट. 2000 च्या राष्ट्रीय कायद्यात हा नवा प्रकार आला. आयरेस 2003 मध्ये गेले. आयुष्य माकडासाठी वेचणाऱ्या माणसानं काढलेला हा निष्कर्ष मला बाजूला सारता येईना.

मत खऱ्या अर्थानं फिरलं ते पिरारुकुमुळे. हा मासा तीन मीटरपर्यंत वाढतो, वजन दोनशे किलोपर्यंत जातं. नुसत्या कल्ल्यांवर त्याचं भागत नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी त्याला वर येऊन हवा घ्यावी लागते, आणि तिथेच तो भाल्याला सापडतो. इतका मारला गेला की 1996 मध्ये राज्यात त्याच्या शिकारीवर बंदी आली. मामिराउआच्या मासेमारांचं म्हणणं होतं की श्वासाला वर येणारा मासा आम्हाला मोजता येतो. तळ्याचे भाग पाडायचे, प्रत्येकानं होडीत बसून आपल्या भागावर वीस मिनिटं नजर ठेवायची, दीड मीटरवरचे मासे वेगळे मोजायचे, लहान वेगळे. पाण्याचा आवाज आणि खळबळ यांवरून अनुभवी मासेमाराला मासा केवढा हे कळतं. लिआन्द्रो कास्तेल्लो या संशोधकानं ही मोजणी, माशांना खुणा करून पुन्हा पकडण्याच्या शास्त्रीय पद्धतीशी ताडून पाहिली. दोन्ही आकडे जुळले. 1999 पासून याच मोजणीवर तिथली कायदेशीर मासेमारी चालते: मोजलेल्या मोठ्या माशांपैकी जास्तीत जास्त 30 टक्के पकडायचे, बाकीचे सोडायचे. मासे कमी झाले नाहीत, कित्येक पटींनी वाढले.

पुढे जुरुआ नदीवर अशीच पाहणी झाली. राखलेल्या तळ्यांत सरासरी सुमारे 305 पिरारुकु होते, मोकाट तळ्यांत 9. जंगल तेच, नदी तीच, मासाही तोच. फरक होता तो तळ्याच्या तोंडाशी तरंगत्या घरात रात्रंदिवस बसणाऱ्या कुटुंबाचा. त्या कुटुंबाला मी शहरात नेणार होते. मग त्या तळ्यात किती मासे उरले असते?

त्यांचं जगणं मी आजही सुंदर म्हणणार नाही. साप चावला तर विषावरचं औषध शहरातल्या इस्पितळात असतं आणि वेळ हातातून निसटत असतो. मलेरिया आहेच. ॲमेझोनास सरकार 2007 पासून राजधानी मनाउसहून उपग्रहाद्वारे गावोगावच्या वर्गांत थेट धडे पोचवतं, फिरत्या दवाखान्यांच्या बोटी आहेत, पण गरजेच्या मानानं हे तुटपुंजं आहे. शिवाय 2023 चा दुष्काळ. तेफेच्या सरोवराचं पाणी 39 अंशांवर तापलं, काही आठवड्यांत दीडशेहून अधिक डॉल्फिन मेले. नद्या आटल्यानं गावं तुटली, प्यायचं पाणी डोक्याखांद्यावरून चिखलातून आणावं लागलं. 2024 मध्ये मनाउसला निग्रो नदी 12.11 मीटरपर्यंत उतरली, 1902 पासूनच्या नोंदींतला हा नीचांक. ज्यांनी हवा तापवण्यात जवळजवळ काहीच हातभार लावलेला नाही, त्यांच्या दारातलं पाणी आधी गेलं. राखणही जिवावरची आहे. जून 2022 मध्ये जावारी खोऱ्यात मूलनिवासींसाठी काम करणारे ब्रूनो परेरा आणि पत्रकार डॉम फिलिप्स यांचा खून झाला, तो बेकायदा मासेमारी करणाऱ्यांकडून.

त्यामुळे ज्या तरुणांना तेफेला, मनाउसला जायचं आहे त्यांनी जावं. तो हक्क त्यांचाच. दवाखाना नाही म्हणून गाव उठवा, हे मात्र मला आता मान्य नाही. दवाखाना गावाकडे गेला पाहिजे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले तेव्हाही मी साशंक होते. आता मेळघाटाबद्दल लिहिताना माझा पहिला प्रश्न गावाच्या ग्रामसभेला असेल, वनखात्याला नंतर.

एक गोष्ट मला आग्रहानं मांडायची आहे. पिरारुकुच्या विक्रीतून जे पैसे येतात ते माशाचे असतात. वर्षभराच्या पहाऱ्याचे पैसे त्यांत धरलेले नसतात, आणि चोरून मारलेला मासा बाजारात तोच भाव पाडतो. वनरक्षकाला आपण पगार देतो. तळं राखणाऱ्या रिबेरिन्यो कुटुंबालाही तो सरकारनं दिला पाहिजे, उपकार म्हणून नव्हे, केलेल्या कामाचा मोबदला म्हणून.