भाईंदरचा धक्का

संध्याकाळी मी भाईंदरच्या धक्क्यावर जाऊन बसतो. मिठागरांवरून खारा वारा येतो, समोर वसई. २०२४ पासून तिथे रो-रो बोट जाते.

परवा शेजारचा वेल्डर तिथेच कॅनडाचा अर्ज घेऊन आला. दुबईत व्हिसा संपूनही तो राहिला होता. २०२४ च्या माफीत दंड न भरता, एक्झिट पासवर परतला.

'कोणत्या देशाने बाहेर जाण्याचा हुकूम दिला होता काय?'

"सर, 'नाही' लिहा ना! मी आपण होऊन आलो."

व्याकरणदृष्ट्या बिनचूक! पण लपवाछपवी ठरली, तर कॅनडाचे दार ५ वर्षे बंद.

"सारी हकीकत लिहू. पासही जोडू."

"नाकारलं तर?"

मी गप्प. बोट सुटली. त्याने खिशातले पेन काढून माझ्या हाती दिले.