आशागडच्या वाटेवर कॉफीची पुडी

पश्चिम रेल्वेने डहाणू रोडला उतरावे आणि समुद्राकडे पाठ करून जव्हारच्या रस्त्याला लागावे. चिकूच्या वाड्या मागे पडतात, भातखाचरे, ताडाची झाडे आणि वारल्यांचे पाडे दिसू लागतात, आणि थोड्याच वेळात आशागड येते.

कॉफीचे मळे इथून फार लांब, कोडगू-चिकमगळूरच्या डोंगरांत. तिची पूड मात्र आता खेड्यापाड्यांतल्या दुकानांत पोचली आहे. बियांचा अर्क काढून तो वाळवलेला असतो, त्यामुळे गरम पाण्यात टाकली की झाली. उकळणे नाही, गाळणे नाही. पहाटे वाडीवर मजुरीला निघणाऱ्या बाईला ही सोय आवडली तर नवल नाही.

पण भगिनींनो, त्या कपात अन्न किती? चमचाभर पुडीत दहासुद्धा उष्मांक नसतात, प्रथिने नावालाच. अंगी लागते ते दूध-साखरेचेच. कॅफिनमुळे झोप आणि शीण तेवढा दबतो. पोट रिकामे ते रिकामेच.

याहून महत्त्वाची गोष्ट लोहाची. कॉफीतील तुरट द्रव्ये जेवणातले लोह अंगात शोषू देत नाहीत. म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सांगितले की जेवणाआधी आणि नंतर निदान एक तास चहा-कॉफी घेऊ नये, आणि दिवसाला कॅफिन ३०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये. झटपट कॉफीच्या एका कपात ते ५० ते ६५ मिलिग्रॅम असते. ज्या घरात गरोदर सून किंवा रक्त कमी असलेली मुलगी आहे, तिथे हा एक तास कटाक्षाने पाळावा.

पुडी घेताना वेष्टनही वाचा. बऱ्याच पुड्यांत निम्म्याच्या जवळपास चिकरी असते. ती एका मुळाची भाजलेली पूड. स्वस्त पडते आणि तिच्यात कॅफिन नसते, एवढेच.

खरे बळ इथल्या उतारावरच्या नागलीत आहे. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास चुना, म्हणजे कॅल्शियम, असतो. गाईच्या तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट! तेव्हा सकाळी निघताना नागलीची आंबील प्यावी, नाहीतर भाकरी आणि पावसाळ्यात टाकळ्याची भाजी खावी. भाजीवर लिंबू पिळले की तिच्यातले लोह अधिक लागते. कॉफीची हौस वाडीवरच्या मधल्या सुट्टीत भागवावी, पण भाकरीची फडकी सोडण्याच्या वेळी नव्हे.