रात्रीचे दोन तास

इंग्लंडमध्ये एखाद्या पबला किंवा बारला रात्री अधिक उशिरापर्यंत मद्यविक्री करायची असेल, तर तसा अर्ज केल्याची सूचना त्याला स्वतःच्या दाराशी लावावी लागते. ती कशी असावी याचे नियम मोठे नेमके आहेत. कागद ए-फोर किंवा त्याहून मोठा हवा, रंग फिकट निळा हवा, अक्षर काळे आणि किमान १६ पॉइंटांचे हवे, आणि रस्त्याने जाणाऱ्याला सहज वाचता येईल अशा जागी ती सलग २८ दिवस लावलेली हवी. स्थानिक वृत्तपत्रातही ती छापावी लागते. या मुदतीत नागरिकांना कौन्सिलकडे आपले म्हणणे लेखी मांडता येते. इतका काटेकोरपणे बेतलेला आणि इतक्या थोड्यांनी वाचलेला गद्यप्रकार मला दुसरा ठाऊक नाही. उत्तर इंग्लंडमधल्या ज्या लहानशा गावात मी राहतो, तिथे आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पबच्या खिडकीत हा निळा कागद लागला. शुक्रवारी आणि शनिवारी अकराऐवजी रात्री एकपर्यंत मद्यविक्री, असा एकूण अर्ज. आठवड्याचे चार तास. मराठी माणसाला यात निबंध लिहिण्याजोगे काय आहे, असे कोणी विचारले तर उत्तर देणे अवघड आहे. पण त्या चार तासांनी मला भाषेविषयी जे दाखवले, ते एरवी वर्गात सापडले नसते.

आधी थोडे त्या अकराच्या आकड्याविषयी. येथल्या लोकांना तो सूर्यास्तासारखा निसर्गसिद्ध वाटत आला आहे. वस्तुतः तो युद्धाचा अवशेष आहे. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार पिऊन कामावर येतात, किंवा येतच नाहीत, या धास्तीने १९१५ साली सरकारने मद्यव्यवहारावर नियंत्रण ठेवणारे एक मध्यवर्ती मंडळ नेमले आणि पबच्या वेळा कठोरपणे छाटल्या. दुपारी काही तास पब बंद, रात्री लवकर बंद. युद्ध संपले, पण १९२१ च्या कायद्याने या छाटणीला शांततेच्या काळातही कायम केले; दुपारची सक्तीची बंदी तर १९८८ पर्यंत टिकली. एलियटची 'द वेस्ट लँड' प्रसिद्ध झाली १९२२ साली. तिच्या दुसऱ्या भागात पब बंद करण्याची वेळ झाल्याची हाकाटी पुनःपुन्हा येते, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. मी येथल्या एका सिक्स्थ-फॉर्म कॉलेजात इंग्रजी शिकवतो. त्या हाकेचा अर्थ मृत्यू, काळ, संस्कृतीचा अंत असा आम्ही वर्गात लावतो, आणि तो चुकीचा नाही. पण ती हाक देणाऱ्याला संस्कृतीची नव्हे, परवान्याची काळजी होती. गिऱ्हाईक वेळेत बाहेर गेले नाही, तर परवाना धोक्यात. काळाची ती हाक आधी कायद्याची होती.

२००३ च्या कायद्याने हे चित्र पालटले. तो २४ नोव्हेंबर २००५ पासून लागू झाला. सर्वांना एकच ठरलेली वेळ ही कल्पनाच त्याने मोडीत काढली. प्रत्येक पबने आपल्याला हव्या त्या वेळा मागाव्यात आणि स्थानिक कौन्सिलने त्या तपासाव्यात, अशी नवी रीत आली. त्यापूर्वी हे काम न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होते. चोवीस तास मद्यपान सुरू होणार म्हणून वृत्तपत्रांनी हाहाकार केला. सरकारचा युक्तिवाद वेगळा होता: अकराच्या ठोक्याला सगळे गाव एकदम रस्त्यावर येते, म्हणून मारामाऱ्या होतात, वेळा पांगल्या की गर्दीही पांगेल. प्रत्यक्षात चोवीस तासांचा परवाना घेणारे मूठभरच निघाले. युरोपातल्यासारखी निवांत मद्यसंस्कृती काही अवतरली नाही आणि प्रलयही आला नाही.

मात्र या कायद्याने जी एक गोष्ट आणली तिचा अनुभव मला वीस वर्षांनी आला. कौन्सिल अर्जाचा विचार चारच उद्दिष्टांच्या चौकटीत करू शकते: गुन्हे आणि बेशिस्त टाळणे, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव टाळणे, आणि मुलांचे हानीपासून संरक्षण. तुमचे म्हणणे या चारांपैकी कशात तरी बसले पाहिजे. बसले नाही तर ते खोटे ठरत नाही. ते ऐकू येत नाही, इतकेच.

माझे म्हणणे तसे साधे होते. माझी पत्नी रुग्णालयात परिचारिका आहे आणि शनिवारी बहुधा सकाळी सव्वासहाला घराबाहेर पडते. पबचे मागले अंगण आमच्या झोपायच्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर. १ जुलै २००७ पासून इंग्लंडमध्ये बंदिस्त सार्वजनिक जागेत धूम्रपानाला बंदी आली, तेव्हापासून ओढणारे सगळे अंगणात येतात. म्हणजे फुप्फुसांसाठी केलेल्या कायद्याने आवाज आमच्या खिडकीखाली आणून ठेवला. आवाज म्हणजे संगीत नव्हे. संगीताला माणूस सरावतो. गोष्ट अर्धवट ऐकू येते, पुढे काय झाले याची वाट पाहत जागे राहावे लागते, आणि मग एकदम दहा माणसे हसतात, त्याला सरावता येत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. दर गुरुवारी त्याच पबात प्रश्नमंजूषा असते आणि आमच्या टेबलावर साहित्याचे प्रश्न माझ्या वाट्याला येतात. २०२० च्या मार्चमध्ये देशातले सगळे पब बंद झाले, तेव्हा त्या मालकाने आपल्या स्वयंपाकघरातून गल्लीतल्या वृद्धांना जेवण पोचवले होते. त्याच्या विरोधात पत्र लिहायचे होते ते या माणसाच्या विरोधात. आणि ते गुपचूप लिहिता येत नाही. हरकतदाराचे नाव आणि पत्ता अर्जदाराला कळतो. सुनावणीच्या कागदपत्रांत पत्र जोडले जाते. त्या जुडग्यात एकच नाव उच्चारायला अवघड असणार, आणि ते पबच्या विरोधात असणार, हे मला दिसत होते. 'यांच्या धर्मात दारू चालत नसेल' असा समज व्हायला तेवढे पुरे. (चालते. आमच्या घराण्यात तर जरा जास्तच चालली.)

पत्राचे मी चार खर्डे केले. पहिल्यात एक वाक्य होते, रात्री उशिरा घरी येताना अंगणाच्या बाजूने माझ्या रंगाविषयी दोनदा जे ऐकू आले त्याबद्दलचे. कायद्याच्या दृष्टीने ते उपयोगी वाक्य होते. पहिल्या उद्दिष्टात चपखल बसले असते. मी ते काढले. ते शब्द कोणाचे होते हे मला ठाऊक नव्हते, आणि त्यांचा जाब त्या मालकाने द्यावा हे मला मान्य नव्हते. पत्नीला ते पटले नाही. "तू त्याला वाचवतो आहेस की स्वतःला?" असे तिने विचारले. शेवटच्या खर्ड्यात उरली ती तारखांची आणि वेळांची यादी, सकाळच्या पाळीचा उल्लेख, आणि 'सार्वजनिक उपद्रव' हे दोन शब्द.

सुनावणी कौन्सिलच्या एका सभागृहात झाली. तीन नगरसेवकांची उपसमिती, शेजारी कायदेशीर सल्लागार, टिपण घेणारी कारकून बाई. प्रत्येक पक्षाला सारखाच वेळ. पोलिसांची हरकत नव्हती. मालक बोलायला उभा राहिला, तो आपल्या लग्नातला असावा असा कोट घालून आला होता. विजेचे बिल, भाडे, आठवड्यातले पाच दिवस रिकामी टेबले. शुक्रवार-शनिवारचे हे दोन तास मिळाले नाहीत तर आपल्याला दार बंद करावे लागेल, असे तो म्हणाला. अध्यक्षबाईंनी त्याला सौम्यपणे थांबवले. पब चालतो की नाही, गावाला त्याची गरज आहे की नाही, हे पाहणे समितीच्या कक्षेत येत नाही. त्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट त्या खोलीत गैरलागू होती. तो गोंधळला, आणि मग खिडक्यांच्या दुहेरी काचांविषयी बोलू लागला.

माझे झाले. मी बरा बोललो असे म्हणतात.

त्यानंतर आमच्या पलीकडच्या घरातल्या वृद्ध शेजारीणबाई उठल्या. त्यांचे पत्र आवाजाविषयीच होते, पण कागद त्यांनी पाहिलाच नाही. आपले पती तीस वर्षे त्या पबात जात होते, आणि यकृताने गेले, असे त्यांनी सांगितले. शेवटच्या वर्षांत अकरा वाजता घंटा व्हायची म्हणून ते अकराला घरी यायचे. "एक वाजता व्हायची असती, तर एकला आले असते," त्या म्हणाल्या. "ते दोन तास माझे होते." कोणी काही बोलले नाही. मग अध्यक्षबाई म्हणाल्या की आपल्याला मनापासून वाईट वाटते, परंतु ही बाब समितीला विचारात घेता येणार नाही. सल्लागारानेही मान हलवली. त्या दोघांचेही कायद्याच्या दृष्टीने बरोबर होते. सीमेपलीकडे स्कॉटलंडमध्ये, तिथल्या २००५ च्या कायद्यात, सार्वजनिक आरोग्याचे रक्षण हे पाचवे उद्दिष्ट आहे. तिथे त्यांच्या वाक्याला निदान एक दार सापडले असते. आमच्या गावापासून स्कॉटलंड गाडीने तीन तासांवर आहे.

त्या क्षणी मला आठवली ती आपल्याकडची आडवी बाटली. महाराष्ट्रात बारच्या वेळा ठरवतात राज्य उत्पादन शुल्क खाते आणि पोलीस. नगरसेवकांची अशी समिती बसत नाही, निळा कागद लागत नाही. पण तिथे दुसरेच एक दार आहे. गावातल्या किंवा प्रभागातल्या एक चतुर्थांश महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर दोन चित्रे, उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडवीवर शिक्का मारला, तर दुकान बंद. तिथे कोणी विचारत नाही की तुमची हरकत कोणत्या उद्दिष्टात बसते. मार खाल्लेला असो, घर बुडालेले असो, नुसता तिटकारा असो, सगळे त्या एका शिक्क्यात मावते. शेजारीणबाईंचे वाक्य तिथे पूर्ण मोजले गेले असते. मात्र एका शिक्क्यात खिडकी, अंगण, साडेदहा, अकरा असे काही मावत नाही. बाटली तिरपी ठेवायची सोय नाही.

आपल्या साहित्यालाही ही तिरपी बाटली फारशी ठाऊक नाही. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' रंगभूमीवर आले १९१९ साली, म्हणजे 'द वेस्ट लँड'च्या तीनच वर्षे आधी. एलियटच्या पबला बंद होण्याची वेळ आहे. सुधाकराच्या प्याल्याला ती नाही, आणि शोकांतिका तिथेच आहे. सभा, मंडळे, नियम यांचे गडकऱ्यांना काय वाटत होते ते पाहायचे तर तळीरामाचे आर्यमदिरामंडळ पाहावे: पिणाऱ्यांचीच रीतसर संस्था! दारूचा प्रश्न बैठक भरवून सुटेल या कल्पनेची इतकी मनमुराद टिंगल दुसऱ्या कोणी केली नसेल. त्या सभागृहात बसून मला तळीराम आठवला आणि हसू आवरावे लागले. पण सिंधूला बोलायची जागा मिळाली असती, दहा मिनिटांची का होईना, तर ती काय बोलली असती? आणि अध्यक्षांनी तिला काय सांगितले असते? नंतर घरी चालत येताना मी हाच विचार करत होतो, आणि शेजारीणबाई माझ्या शेजारून चालत हवेविषयी बोलत होत्या.

निर्णय काही दिवसांनी टपालाने आला. शुक्रवार-शनिवार मद्यविक्री बारापर्यंत. साडेबाराला दार बंद. अंगण दहाला रिकामे करायचे. संगीत चालू असताना दहानंतर दारे-खिडक्या बंद. शांतपणे घरी जा अशी विनंती करणारी पाटी दाराशी. शेजाऱ्यांना तक्रारीसाठी एक दूरध्वनी क्रमांक. चार पानांच्या त्या निवेदनात 'उचित' हा शब्द मी सहा वेळा मोजला. २०१२ पूर्वी त्या जागी 'आवश्यक' हा शब्द असे. कायद्यातल्या दुरुस्तीने तो बदलला. एका शब्दाचा फरक, पण 'आवश्यक' पुरावा मागतो आणि 'उचित' समंजसपणावर भागवतो. रहिवासी म्हणून त्या बदलाचा मला फायदा झाला. वाचक म्हणून मला तो शब्द जरा जास्तच मऊ वाटतो. उद्या तो दुसऱ्याच कोणाच्या बाजूने तितक्याच सहज वळेल.

तिसऱ्या पानावर एक वाक्य असे होते की एका हरकतदाराने चौकटीबाहेरचे मुद्दे उपस्थित केले, आणि ते विचारात घेण्यात आलेले नाहीत. नाव नव्हते. शेजारीणबाईंनी ते मला दाखवले आणि विचारले की याच्यावर अपील करता येते का. येते, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, २१ दिवसांच्या आत, मी सांगितले. त्यांनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. मुदत संपली, अपील त्यांनी केले नाही, मालकानेही केले नाही.

तो क्रमांक मी आजवर एकदाच फिरवला आहे. शुक्रवार होता, दहा वाजून वीस मिनिटे झाली होती आणि अंगणात कोणी तरी गोष्ट सांगत होते. फोन मालकानेच उचलला. मी नाव सांगायच्या आतच तो म्हणाला, "हो, येतोच," आणि थोड्या वेळाने दाराची कडी वाजली. गोष्ट अर्धीच राहिली. पुढल्या गुरुवारी मी नेहमीच्या टेबलावर बसलो, तेव्हा त्याने बिअर पुढे ठेवली आणि पहिला प्रश्न वाचायला घेतला.