मीटरची वही

आमच्या घरात 'मैं' म्हणायची पद्धत नव्हती. दादी म्हणायच्या, "मैं मैं तो बकरी करती है." माणसाने 'हम' म्हणावे. ती सवय इतकी मुरली की मराठीत लिहितानाही हात आपोआप 'आम्ही'वरच जातो. वीस वर्षांहून जास्त काळ आम्ही उर्दू आणि मराठी शिकवत आहोत. या काळात निबंधांचे गठ्ठेच्या गठ्ठे तपासले. 'माझी आई', 'पावसाळ्यातील एक दिवस', 'मी पंतप्रधान झालो तर'. या निबंधांत 'मी' असतो, पण तो बहुधा गाईडमधून आलेला असतो. खरा 'मी' कागदावर कसा उतरतो, हे आम्हाला आमच्याच एका विद्यार्थिनीने शिकवले.

ही गोष्ट इचलकरंजीची. मुलगी आमच्याकडे दहावीपर्यंत शिकली होती. वडील यंत्रमागावर कामाला. बारावीत असताना डिसेंबरातल्या एका संध्याकाळी ती घरी आली. मोबाइलवर एका खासगी विद्यापीठाचा अर्ज उघडलेला होता. तिथे घरच्या उत्पन्नाप्रमाणे फी कमी होत होती, म्हणून तिने धीर केला होता. बाकी सगळे भरून झाले होते. फक्त एक रकाना रिकामा होता : साडेसहाशे शब्दांत स्वतःविषयी लिहा.

"टीचर, इसमें क्या लिखते?"

आपल्याकडे प्रवेश म्हणजे टक्के. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी सीयूईटी परीक्षा आली, पण तिथेही हिशेब गुणांचाच. तरी सोनीपतचे अशोका विद्यापीठ किंवा आपल्या मुळशीकडचे यूडब्ल्यूसी महिंद्रा कॉलेज अशा काही संस्था मुलांना स्वतःविषयी लिहायला सांगतात. अमेरिकेत तर ही जुनी रीत आहे. तिथल्या अनेक कॉलेजांसाठी 'कॉमन अ‍ॅप' नावाचा एकच अर्ज चालतो आणि त्यातला मुख्य निबंध २५० ते ६५० शब्दांचा असतो.

या रीतीचा इतिहास मात्र फारसा गोड नाही. १९२० च्या दशकात हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन या विद्यापीठांत केवळ गुणांच्या जोरावर ज्यू मुले मोठ्या संख्येने येऊ लागली. ती संख्या रोखण्यासाठी 'चारित्र्य', शिफारसपत्रे, फोटो, घराण्याची माहिती असे निकष पुढे आणले गेले. 'तू कोण आहेस' हा प्रश्न कधी दार बंद करण्यासाठीही विचारला गेला आहे. पुढे हाच प्रश्न वेगळ्या पार्श्वभूमीच्या मुलांसाठी दार उघडायलाही उपयोगी पडला. २०२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशाच्या आधारे प्रवेश देण्याची पद्धत रद्द केली. पण आपल्या वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला, हे विद्यार्थी निबंधात लिहू शकतात, असेही निकालात म्हटले.

हे सगळे आम्ही त्या आठवड्यात वाचले आणि त्यातून चुकीचा धडा घेतला. आम्हाला वाटले, वाचणाऱ्याला दुःख हवे असणार. तिच्या घरी दुःखाला काय तोटा! आम्ही तिला समोर बसवले आणि भराभर मुद्दे सांगितले. मागाच्या आवाजाने वडिलांना कमी ऐकू येते, ते लिही. दोन खोल्यांत सहा माणसे, ते लिही. मुस्लिम मुलगी, शिकायला घरून विरोध, तरी जिद्दीने शिकली, हे तर आधी लिही.

ती हळूच म्हणाली, "विरोध नव्हता, टीचर."

"थोडा तरी असेलच की," आम्ही म्हणालो.

तिने मान खाली घातली आणि लिहून घेतले. मोठ्यांपुढे उलट बोलायचे नाही, हे आम्हीच तर शिकवले होते. शाळेतल्या इंग्रजीच्या सरांनी भाषा नीट करून दिली. निबंध वाचून आमचेच डोळे भरून आले. आम्ही खूश झालो.

अर्जाबरोबर उत्पन्नाचे कागद लागणार होते. तहसीलदारांचा दाखला होता, पण कॉलेजला वर्षभराच्या कमाईचा तपशील हवा होता. वडिलांची सही घ्यायला आम्ही तिच्या घरी गेलो. ते नुकतेच रात्रपाळी करून उठले होते. केसांत अजून कापसाची तूस होती. अम्मीने चहा ठेवला. सही करताना त्यांनी साधेपणाने विचारले, "टीचर, बच्चीने हमारे बारे में क्या लिखा?"

मुलगी गप्प. आम्हीही गप्प. ज्या माणसाने दुसरी पाळी करून मुलीच्या क्लासची फी भरली, तो आमच्या निबंधात मुलीची वाट अडवून उभा होता. चहा घशाखाली उतरेना.

तेवढ्यात तपशिलाचा प्रश्न पुन्हा निघाला. पगाराची चिठ्ठी कुठून आणायची? मुलगी उठली आणि फळीवरून एक लांबट वही घेऊन आली. सातवीपासून ती अब्बांचा हिशेब लिहीत होती. मागवाल्याची मजुरी मीटरवर असते. वहीत तारखेपुढे दोन रकाने होते. एकात बिमाच्या ताण्यावरच्या निशाण्यांवरून काढलेले मीटर, दुसऱ्यात घडी घालताना मोजलेले मीटर. दुसरा आकडा दर वेळी कमी. नववीतल्या एका पानावर लाल शाईत लिहिले होते : 'चोरी?'

"हे काय?" आम्ही विचारले.

आणि ती बोलू लागली. इतके बोलताना आम्ही तिला कधी पाहिले नव्हते. दिवाणजी मीटर मारतात, अशी तिची खात्री झाली होती. तिने अब्बांना जाब विचारायला लावले. अब्बा गेले, चार लोकांसमोर बोलून बसले. मग एका जुन्या जॉबरने त्यांना समजावले. शंभर मीटर ताण्याचे शंभर मीटर कापड होत नाही. ताण्याचा धागा बाण्याच्या वरून-खालून वळत जातो, त्या वळणांत लांबी जाते. शिवाय मागावर ताणलेले कापड खाली उतरले की आखडते. अब्बा घरी येऊन हसले. तिला मात्र दोन रात्री झोप आली नाही. मग तिने वहीत तिसरा रकाना आखला. जाड सुताचे किती आखडते, बारीक सुताचे किती, ते दीड वर्ष लिहीत राहिली. बराचसा फरक त्यात बसला. थोडा तरीही उरला.

"तो उरलेला फरक कशाचा?"

"माहीत नाही, टीचर. अजून लिहितेय."

घरी येऊन आम्ही पहिला निबंध फाडला. दुसऱ्या दिवशी तिला सांगितले, काल वहीबद्दल जे बोललीस तेच लिही. तिने विचारले, "पण यात माझी चूक दिसते. मी दिवाणजींना चोर म्हणाले, ते पण लिहू?" आम्ही म्हणालो, ते तर लिहीच. चुकीतून तू पुढे काय केलेस, तिथेच तू दिसतेस.

तरी काम सोपे नव्हते. तिची वाक्ये 'आमच्या घरी असे म्हणतात', 'सगळ्यांना असे वाटले' अशी निघत. 'मला वाटले' म्हणताना पेन अडे. स्वतःबद्दल बोलणे म्हणजे रिया, दिखावा, हे तिच्या मनात पक्के होते, आणि ते चांगल्याच घरातून आले होते. आम्ही तिला म्हणालो, नसलेले सांगणे हा दिखावा. जे केले ते जसेच्या तसे सांगणे म्हणजे गवाही. गवाही देताना 'मी पाहिले' असेच म्हणावे लागते, तिथे 'सगळ्यांनी पाहिले' चालत नाही. हे तिला पटले. खरे म्हणजे बोलताना आम्हालाही तेव्हाच कळले.

पद्धत अशी ठेवली. आधी घरच्या बोलीत बोलायचे, मोबाइलवर रेकॉर्ड करायचे. मग ते तसेच उतरवायचे. मग इंग्रजी. पहिला खर्डा बाराशे शब्दांचा झाला. कापताना तिनेच ठरवले काय ठेवायचे. आम्ही फक्त विचारायचे, 'हे कुणी पाहिले? तू तेव्हा कुठे होतीस?' तिच्या भावाने मधेच मोबाइलवरून दोन मिनिटांत एक गुळगुळीत निबंध तयार करून आणला. तिने तो वाचला आणि म्हणाली, "ये मैं नै." तेव्हा आम्हाला शांत वाटले. आमच्या निबंधाला ती हे म्हणू शकली नव्हती.

शेवटी तिने तो अब्बांना बोलीत वाचून दाखवला. ते कान पुढे करून ऐकत होते. एका जागी म्हणाले, "बिम नहीं, ताका बोल." तिने दुरुस्त केले. मग म्हणाले, "दिवाणजी का नाम मत डाल. वो भी नौकर आदमी है." तिने नाव काढले. विद्यापीठातल्या कुणाच्याही आधी त्या निबंधाचा खरा परीक्षक तो माणूस होता.

मुलाखतीत तिला कापड का आखडते यावरच बरेच विचारले, असे तिने फोनवर सांगितले. प्रवेश मिळाला, फीही बरीचशी माफ झाली. अल्हम्दुलिल्लाह. त्याच वर्षी आमच्या आणखी एका मुलाने तितकाच प्रामाणिक निबंध लिहिला, त्याला नकार आला. तो आता कोल्हापुरात बीएस्सी करतो आहे. खरे लिहिले की दार उघडतेच असे नाही, हे पालकांना आम्ही आधीच सांगतो. पण नकार आल्यावरही तो मुलगा मान वर करून म्हणाला, "निबंध माझा होता, टीचर." खोट्या निबंधावर मिळालेल्या प्रवेशानंतर असे म्हणता येत नाही.

आता दर हिवाळ्यात तीन-चार मुले येतात. आम्ही पेन हातात घेत नाही. घरातल्या मोठ्यांनाही एवढीच विनंती आहे की मुलांचा अर्ज भरून देऊ नका. आणि अर्जाची वेळ येईपर्यंतही थांबू नका. दस्तरखानवर बसल्यावर कधी टक्के सोडून विचारा, 'आज तुला काय वाटले? कुठे चुकलास?' उत्तर 'मी'ने सुरू झाले तर त्याला बेअदबी समजू नका. अदब शिकवणारे आपणच आहोत, मग बोलायची मुभाही आपणच द्यायला हवी.

ती वही अजून त्या फळीवर आहे. आता धाकटा भाऊ मीटर लिहितो. मध्ये गेलो तेव्हा पाहिले, त्याने चौथा रकाना आखला आहे. कशाचा, ते अजून त्याने सांगितलेले नाही. आम्हीही विचारले नाही.