न जुळणारा रिपोर्ट

शौचावाटे रक्त पडतं, ही तक्रार आपल्याकडे बहुतेक घरांत एकाच शब्दापाशी येऊन थांबते: मूळव्याध. बऱ्याचदा तो शब्द बरोबर निघतो, आणि म्हणूनच त्याच्यावर इतका विश्वास बसलेला असतो. पण हेच रक्त अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये पडतं, क्रोन्समध्ये पडू शकतं, अमीबाच्या आमांशात पडतं आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्येही पडतं. जुलाब, कळ येणं, वजन उतरणं, हिमोग्लोबिन घसरणं, पुन्हा पुन्हा जाऊनही पोट साफ न झाल्याची भावना, यांतलं एकही लक्षण कोणा एका आजाराच्या मालकीचं नाही. आतड्याच्या आजारांची नावं सूक्ष्मदर्शकाखाली ठरवणं हे माझं काम, आणि या कामातून माझं जे ठाम मत झालं आहे ते एका पॅथॉलॉजिस्टच्या तोंडी जरा विचित्र वाटेल. आजाराचं नाव लक्षणांवरून ठरत नाही, औषधाच्या गुणावरून ठरत नाही, आणि एकट्या बायोप्सीच्या रिपोर्टवरूनही ठरत नाही. रुग्णाची हकिकत, दुर्बिणीतून दिसलेलं आतडं आणि काढलेला तुकडा ही तिन्ही एकमेकांशी जुळली पाहिजेत. ती जुळत नसतील, तर ते न जुळणं हीच त्या घडीची सर्वांत मोलाची माहिती असते.

पुस्तकात हे आजार फार वेगळे दिसतात. अल्सरेटिव्ह कोलायटिस गुदाशयापासून सुरू होतो आणि सलग वर चढतो. तो मुख्यतः आतड्याच्या आतल्या अस्तरापुरता राहतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, मधला भाग निरोगी सोडत, तुकड्यातुकड्यांनी येतो आणि आतड्याची भिंत आरपार पोखरतो. कॅन्सर बहुधा एका जागी गाठ किंवा व्रण म्हणून वाढतो. प्रत्यक्षात हे आजार एकमेकांचं रूप घेतात, आणि लहान व मोठं आतडं जिथे मिळतं त्या उजव्या कोपऱ्यात तर सगळेच एकत्र भेटतात. ग्लासगोच्या डॅलझिएल यांनी 1913 साली आतड्याच्या अशा जाड झालेल्या, सुजलेल्या भागांचं वर्णन केलं. 1932 साली न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर यांनी 14 रुग्णांवरून हा टीबीपेक्षा वेगळा आजार असल्याचं मांडलं. त्यांच्यासमोरचा हा प्रश्न आपल्याकडे आजही तितकाच जिवंत आहे. उजव्या बाजूला गाठ, बारीक ताप, वजन कमी, तुकड्यात ग्रॅन्युलोमा म्हणजे सुजेच्या पेशींचे पुंजके, एवढ्यावर भारतात क्रोन्सचं नाव देता येत नाही. टीबीचे ग्रॅन्युलोमा मोठे, एकमेकांत मिसळलेले, मध्ये कुजलेले असतात असं आम्ही शिकतो, पण छोट्या तुकड्यात मधला कुजलेला भाग सापडेलच असं नाही. टीबीला क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं तर टीबी पसरतो. अमीबाच्या कोलायटिसला दिलं तर आतडं फुटण्यापर्यंत वेळ येऊ शकते. आणि कॅन्सरला यांपैकी काहीही समजलं तर हातातले महिने जातात.

आता स्लाइडवर काय दिसतं ते पाहू. चिमट्याने काढलेला तुकडा तांदळाच्या कणीएवढा असतो. निरोगी मोठ्या आतड्याच्या तुकड्यात सरळ, समांतर, नळीसारख्या ग्रंथी दाटीने उभ्या असतात आणि त्यांचे तळ खालच्या स्नायूच्या पातळ थरावर टेकलेले असतात. कोलायटिस जुना झाला की या नळ्या आखूड होतात, त्यांना फाटे फुटतात, तळ त्या थरापासून सुटून वर येतात आणि मधल्या जागेत प्लाझ्मा पेशींची गर्दी होते. ही मोडतोड व्हायला काही आठवडे जावे लागतात. त्यामुळे चार दिवसांच्या जुलाबात तुकडा काढला तर नळ्या सरळच दिसतात, आणि संसर्ग की दीर्घ आजार हे सांगायला तेवढा आधार पुरत नाही. कॅन्सरमध्ये नळ्यांची ही शिस्तच उरत नाही: वेड्यावाकड्या ग्रंथी, मोठी गडद केंद्रकं, आणि त्या ग्रंथी आपली हद्द ओलांडून खाली घुसलेल्या. कठीण असतो तो मधला प्रदेश. सुजलेलं अस्तर भरून येत असताना नव्या पेशींची केंद्रकंही मोठी आणि गडद दिसतात, आणि नवख्या नजरेला ती कॅन्सरपूर्व वाटू शकतात. अशा वेळी आम्ही नळीच्या तळापासून पृष्ठभागापर्यंत पेशींचा माग काढतो. वर येता येता त्या शहाण्या होत असतील, म्हणजे केंद्रक लहान आणि जागच्या जागी येत असेल, तर ती बहुधा दुरुस्ती असते; बिघाड थेट पृष्ठभागापर्यंत तसाच पोचला असेल तर डिस्प्लेसियाचा, म्हणजे कॅन्सरपूर्व बदलाचा, विचार करावा लागतो. सूज जोरात असेल तर अनुभवी पॅथॉलॉजिस्टांचंही यावर एकमत होत नाही. म्हणून ‘निश्चित सांगता येत नाही’ असा एक वर्गच 1983 पासून मान्य केलेला आहे. तो टाळाटाळीचा शेरा नाही. आधी सूज आटोक्यात आणा आणि पुन्हा तुकडे पाठवा, असा त्याचा अर्थ.

उलट बाजूची चूक जास्त महाग पडते. गाठीच्या मधोमध व्रण असतो आणि तिथून तुकडा घेतला की स्लाइडवर पू आणि मेलेल्या पेशी एवढंच येतं. कडेवरून, एकापेक्षा जास्त ठिकाणांहून तुकडे घ्यायचे ते याच कारणाने. भारतात आणखी एका प्रकाराची आठवण ठेवावी लागते, तो सिग्नेट रिंग पेशींचा कॅन्सर. आपल्याकडच्या तरुण रुग्णांत तो पाश्चात्य देशांपेक्षा अधिक आढळतो. त्यातल्या पेशी गाठ न करता अस्तराखालून एकेकट्या पसरतात, गुदाशय आवळून ताठ करतात, आणि वरचं अस्तर मात्र नुसतं सुजलेलं दिसतं. अशा रुग्णाचा वरवरचा तुकडा ‘दीर्घकालीन सूज, कॅन्सर दिसत नाही’ असा रिपोर्ट घेऊन परततो. त्या तुकड्यापुरता रिपोर्ट खराच असतो. पण अरुंद, ताठ गुदाशय आणि ‘नुसती सूज’ यांचं जमत नाही, आणि तिथे थांबायचं नसतं: खोल तुकडा, एमआरआय, दुर्बिणीच्या टोकावरची सोनोग्राफी हे पुढचे रस्ते आहेत. बायोप्सीच्या अर्जावर ‘कोलन बायोप्सी’ एवढेच दोन शब्द येतात तेव्हा ही विसंगती पकडायला माझ्याकडे काहीच नसतं. वय, किती महिने त्रास, दुर्बिणीत काय दिसलं, कोणती औषधं चालू आहेत, एवढं लिहिलं असेल तर त्याच स्लाइडमध्ये मी वेगळ्या गोष्टी शोधतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो डॉक्टर व रुग्ण दोघांकडूनही येतो: औषधाने गुण आला, मग निदान बरोबरच होतं की! मला हा युक्तिवाद मान्य नाही. गाठीतून पडणारं रक्त आपोआप थांबतं, पुन्हा सुरू होतं. त्याच आठवड्यात मूळव्याधीचं मलम लावलं असेल तर श्रेय मलमाला जातं. स्टेरॉइड गाठीभोवतीची सूज उतरवतं, भूक वाढवतं, माणसाला बरं वाटतं. आतड्याचा लिम्फोमा तर स्टेरॉइडने काही काळ खरोखरच आक्रसतो. अशक्तपणासाठी लोहाच्या गोळ्या घेतल्या की हिमोग्लोबिन चढतं, मग ते पाळीमुळे उतरलेलं असो की उजव्या बाजूच्या कॅन्सरमधून नकळत झिरपणाऱ्या रक्ताने. ज्या बाईची पाळी बंद होऊन काही वर्षं झाली आहेत किंवा ज्या पुरुषाला दुसरं कारण नाही, त्यांचं लोह कमी का झालं हे गोळ्या सुरू करण्याबरोबरच शोधलं पाहिजे. टीबीत मात्र गुणाचा उपयोग पुरावा म्हणून करता येतो, पण तिथेही फक्त ‘बरं वाटतं’ हे ऐकून भागत नाही. साधारण दोन महिन्यांनी दुर्बीण घालून व्रण भरले का ते बघतात.

दुसरा आक्षेप खर्चाचा आणि संख्येचा, आणि तो खोटा नाही. रक्त पडणाऱ्या प्रत्येकाची कोलोनोस्कोपी करणं आपल्या तालुक्यांना परवडणारं नाही. पण बोटाने गुदाशय तपासायला काही लागत नाही, आणि गुदाशयातल्या बऱ्याच गाठी बोटाला लागतात. ही तपासणी संकोचापोटी टळते याचं मला फार वाईट वाटतं. मलातलं न दिसणारं रक्त मोजणारी फिट चाचणी कोणाला दुर्बीण लवकर हवी हे ठरवायला मदत करते. ब्रिटनमध्ये एका ग्रॅमला 10 मायक्रोग्रॅम ही सीमा धरतात. मलातलं कॅलप्रोटेक्टिन हे प्रथिन वाढलेलं असेल तर आतड्यात सूज आहे एवढंच समजतं, कारण ते कॅन्सरमध्ये, संसर्गात आणि वेदनाशामक गोळ्यांनीही वाढतं. रक्तातलं सीईए हे कॅन्सरचं सूचक मानलं जाणारं प्रथिन तर निदानासाठी नाहीच. सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये ते बिनदिक्कत नॉर्मल येतं. ‘वय लहान आहे’ हा दिलासाही आपल्याकडे टिकत नाही, कारण मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या रुग्णांचं सरासरी वय पन्नाशीच्या आत निघालं आहे. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो ही भीती मात्र मनातून काढून टाकावी. आतड्याच्या आतून घेतलेल्या बायोप्सीने तसं होत नाही. निदान लांबलं तर मात्र तो पसरतो.

जुळणीचा हा प्रश्न एकदा निदान झालं की मिटत नाही, कारण कोलायटिस आणि कॅन्सर हे नेहमी परस्परांना पर्याय नसतात. मोठ्या आतड्याचा बराच भाग वर्षानुवर्षं सुजत राहिला तर त्यातूनच कॅन्सर उगवू शकतो. 2001 साली जुन्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये हा धोका 10 वर्षांनी 2, 20 वर्षांनी 8 आणि 30 वर्षांनी 18 टक्के निघाला होता. नंतरच्या अभ्यासांत तो बराच कमी आढळला. म्हणजे कोलायटिस असलेल्या बहुतेकांना कॅन्सर कधीच होत नाही, आणि सूज जितकी आटोक्यात तितका धोका कमी. पण हा कॅन्सर नेहमीच्या पॉलिपच्या वाटेने येत नाही. एरवी एपीसी जनुक आधी बिघडतं आणि पी53 शेवटी. इथे पी53 फार लवकर बिघडतं, आणि बदल सपाट अस्तरात, एकाच वेळी अनेक जागी होऊ शकतात. त्यामुळे लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण 8 वर्षांनी, आजार शांत असताना, शक्य तर अस्तरावर रंग फवारून दुर्बीण करायची असते. सोबत पित्तनलिकांचा पीएससी हा आजार असेल तर 8 वर्षं थांबायचं नसतं. निदानापासूनच दरवर्षी तपासणी लागते. जुन्या रुग्णाचं नेहमीचं औषध अचानक लागू पडेनासं झालं, किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये आतडं एका जागी अरुंद झालं, तर ‘कोलायटिस उसळला’ म्हणण्याआधी तिथले तुकडे घ्यावेत. आणि त्यात डिस्प्लेसिया आला, तर आतडं काढायचं का हे ठरवण्यापूर्वी त्याच स्लाइड आतड्याच्या आजारांत मुरलेल्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवाव्यात. मेणात बसवलेला तुकडा, ज्याला आम्ही ब्लॉक म्हणतो, प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं टिकतो. त्यातून नव्या स्लाइड कापता येतात, आणि दुसऱ्या मतासाठी ब्लॉक किंवा स्लाइड मागितल्या तर पहिल्या पॅथॉलॉजिस्टचा त्यात अपमान होत नाही.