नदी उलटी चालताना

गडावर जाणाऱ्याला बुरूज पायथ्यापासूनच दिसतो. नदीच्या पात्रातून वर जाणाऱ्याला पुढचं वळणसुद्धा दिसत नाही. मला हेच आवडतं, आणि म्हणूनच गड हळूहळू मागे पडले.

टिटवाळ्याच्या गणपतीला जाणाऱ्यांना काळू नदी माहीत असते, पण ती खालची, संथ आणि रुंद. मुरबाड तालुक्यात, माळशेजच्या कड्यांखाली थितबीच्या बाजूने पात्रात उतरलं की तीच नदी ओळखू येत नाही. घराएवढे मोठे धोंडे, त्यांच्या फटींतून पळणारं पाणी, मध्येच कमरेएवढा डोह. इथे पायवाट नसते, दगड असतात.

दगड वाचता यावे लागतात. राखाडी, खरखरीत आणि कोरडा दगड भरवशाचा. काळा चकचकणारा असेल, तर तो कितीही सपाट दिसला तरी त्यावर शेवाळाचा पातळ लेप आहे असंच धरून चालायचं. नवखी माणसं दगडांच्या माथ्यांवरून उड्या मारत जातात. जुनी माणसं दोन दगडांच्या मधल्या बारीक खडीत, घोट्याभर पाण्यात पाय ठेवतात. बूट भिजतात, पण पाय मुरगळत नाही. पाऊल आधी टेकवायचं, वजन मागून टाकायचं. धार ओलांडताना तोंड प्रवाहाकडे, हातात काठी आणि सॅकचा कमरेचा पट्टा सोडलेला. पाण्यात पडलोच, तर सॅक टाकून देता आली पाहिजे.

ऐन पावसाळ्यात या पात्रात उतरू नये, असं माझं ठाम मत आहे. ज्या धबधब्यासाठी लोक इथे येतात तो तेव्हा सर्वांत मोठा असतो हे खरं, पण खाली ऊन पडलेलं असताना घाटमाथ्यावर ढग फुटलेला असू शकतो. लोंढा येण्याआधी नदी थोडं सांगते: पाणी मातकट होतं, पाचोळा आणि काटक्या वाहत येतात, आवाज जड होतो. थांबलो की मी काठावरचा एखादा दगड खूण म्हणून धरतो. तो बुडाला की वर. खेकडे धरायला आलेल्या एका ठाकर मामांनी मला एवढंच सांगितलं होतं, "पानी मातलं का खाली पळायचं न्हाय, बाजूला चढायचं." पाण्याशी शर्यत लावायची नसते, हे शहाण्यासुरत्या माणसांनाही त्या क्षणी सुचत नाही. ऑक्टोबर संपता संपता पाणी नितळ होतं आणि धारही जिवंत असते. मार्चपर्यंत उरतात ते डोह.

या चालण्यात मला सर्वांत जास्त धरून ठेवतं ते वेगळंच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा थरावर थर साचत गेला. काही थर टणक, काही सच्छिद्र आणि मऊ. पडणारं पाणी खालचा मऊ थर पोखरतं, वरचा टणक थर आधार सुटून कोसळतो आणि धबधबा थोडा मागे सरकतो. म्हणजे ज्या घळीतून आपण चालतो, ती धबधब्याने मागे सरकत कोरली आहे, आणि पायाखालच्या धोंड्यांतले कित्येक त्याच्याच कड्याचे तुकडे आहेत. धबधबा शोधायला निघालेला माणूस पहिल्या वळणापासूनच त्याच्या जुन्या जागांवरून चाललेला असतो. हे कळल्यापासून धबधब्यापर्यंत पोहोचायची माझी घाई गेली. शीळकरी कस्तूर पक्ष्याची शीळ पाण्याच्या आवाजावरून ऐकू आली, की तिथेच बसून भाकरी सोडतो.

काळूचा धबधबा टप्प्याटप्प्यांनी कोसळतो. खालून जाणाऱ्याच्या वाट्याला पायथ्याचा टप्पा येतो आणि तेवढा पुरे आहे. धारेखालच्या डोहात मी उतरत नाही. तिथलं पाणी आतल्या आत फिरतं आणि माथ्यावरून दगडही येतात.

परतीला तेच दगड, पण उताराचे, आणि गुडघे दमलेले. म्हणून दुपारी दोनला जिथे असू तिथून मागे फिरायचं, धबधबा दिसो वा न दिसो. नव्या मंडळींना हा नियम मी गावातच सांगतो. काहींची तोंडं उतरतात, ती गाडीत बसेपर्यंत तशीच राहतात.