चाळीस रुपयांची सुरी

जैनाची बाई जुन्या बाजारात सुऱ्या-कोयते उलथेपालथे करत बसलेली बघून ओळखीच्या बायका आधी हसतात, मग विचारतात, "अक्का, हे घेऊन करणार काय?" भाजी चिरणार, दुसरं काय! आमच्या बेळगाव-निपाणी भागातले जैन पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी. विळा, खुरपं, कोयता आपल्याला परका कधीच नव्हता.

दुकानातली स्वस्त चकचकीत सुरी गंजत नाही, पण धारही धरत नाही. जुन्या बाजारात साध्या पोलादाचं, गंजलेलं पातं चाळीस-पन्नास रुपयांना मिळतं. वरवरच्या गंजाला भिऊ नये. चिंचेच्या कोळात रात्रभर ठेवून सकाळी काथ्यानं घासलं की तो उतरतो. पातं थोडं काळवंडतं, तेवढं चालायचंच. गंजाचे खड्डे धारेपर्यंत गेले असतील तर मात्र फुकट दिली तरी घेऊ नये. घेताना टिचकी मारून ऐकते. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर कुठंतरी चीर आहे किंवा मूठ ढिली आहे. पिशवीत बारकी कानस असतेच. ती धारेजवळ हलकेच फिरवायची. घसरली तर पातं कडक, त्याला पाणी नीट पाजलेलं. चावली आणि कीस निघाला, तर मऊ लोखंड. धारेपाशी निळसर डाग असेल तर समजावं, कुणीतरी घाईनं मशीनवर तापवून तिथलं पाणी घालवलंय.

कोयता मात्र मी जुना शोधत नाही. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा, घिसाड्यांकडून डोळ्यांसमोर ठोकून घेते. रस्त्याकडेला त्यांची पालं पडतात. नवरा सांडशीत लालभडक पातं धरून बसतो आणि घण घालते ती बायको, तान्हं मूल बाजूला निजवून. तिचा तो घण बघितल्यावर दहा रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या आपल्या बायकांचा मला राग येतो.

मुठीपाशी आपलं जैनपण आडवं येतं, आणि यावंच. जुन्या सुरीची मूठ बऱ्याचदा लाखेनं बसवलेली असते. लाख किड्यांची, ती मिळवताना असंख्य जीव जातात, म्हणून तर श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा धंद्यांत लाखेचा धंदा आहे. हस्तिदंताचा, हाडा-शिंगाचाही आहे. मी ती मूठ काढते, आतली लाख खरवडून टाकते आणि सुताराकडच्या शिसवीच्या तुकड्याची नवी मूठ दोन तांब्याच्या रिबिटांनी बसवते. वर जवसाचं तेल. (तेलाचा बोळा चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. पाण्यात भिजवून मग टाकावा.) धार ओल्या दगडावर, पात्याची पाठ करंगळी शिरेल इतकीच उचलून. उगाच जोर लावायचा नाही.

एवढा खटाटोप कशाला? वाटाण्याची शेंग, भोपळी मिरची, भेंडी हलक्या हातानं उघडून बघा. पातळ धारेची सुरी फक्त साल उकलते. आत अळी असलीच तर ती जिवंत उचलून बाहेर ठेवता येते. बोथट सुरी दाबावी लागते, आणि दाबली की शेंगेसकट अळी चिरडते. महाराज यत्नाचार सांगतात, तो माझ्या स्वयंपाकघरात असा धारेवर येऊन ठेपतो. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी चिरत नाही, तोच माझा दगड भिजवायचा दिवस.

पण धार लावणं वेगळं आणि धारेचं दुसऱ्याच्या हातात देणं वेगळं. अनर्थदंडाच्या प्रकारांत हिंसादान आहे: हिंसेचं साधन दुसऱ्याला देणं. समंतभद्रांनी कुऱ्हाड, तलवार, कुदळ, अग्नी, विष, साखळदंड अशी यादीच दिली आहे. हेमचंद्रांनी योगशास्त्रात नांगर, मुसळ, उखळसुद्धा घातलं. मग आपण शेजारधर्म पाळायचा कसा? त्यावर त्यांनीच एक सवड ठेवली आहे, दाक्षिण्याची. जिथं भिडेचं, आपुलकीचं नातं नाही तिथं देऊ नये. म्हणजे आपल्या माणसाला देता येतं. मला मात्र वाटतं, आपल्याच माणसाला देताना जास्त विचार करावा लागतो.

गेल्या वर्षी ऊसतोडीला आलेली एक बाई कोयत्याची मूठ हलते म्हणून आली. दांड्यात नवी पाचर मारून दिली, वर हात कापू नये म्हणून धारेला बांधायची चिंधीही. त्याच महिन्यात आमच्या गल्लीतला एक पोरगा आला. विशीतला, माझ्या डोळ्यांसमोर वाढलेला.

"काकू, तुमचा तो मोठा कोयता द्या की वो. वाढदिवस आहे, केक कापायचाय. फोटोपुरता."

हल्ली हे खूळ आलंय. तलवारीनं, कोयत्यानं केक कापायचा, मोबाइलवर टाकायचं, मग पोलीस दारात. ऊस तोडणाऱ्या हत्याराला केकवर कशाला नाचवायचं? मी म्हटलं, "सुरी देते. माझी सगळ्यात चांगली देते. कोयता नाही."

"गल्लीत सगळ्यांना देता, आम्हालाच नाही?"

"ऊस तोडायला शेतावर जाणार असशील तर उद्या सकाळी ये."

तो गेला. संध्याकाळी त्याची आई आली. तीस वर्षांचा शेजार, माझ्या बाळंतपणात तिनं मला जेवायला घातलेलं. "माझ्या लेकराला गुंड समजलीस होय गं?" एवढंच म्हणाली. मी समजावलं, शास्त्र सांगितलं नाही, फोटो बाहेर गेला तर काय होतं ते सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि उठली. त्यानंतर हळदी-कुंकवाला आली नाही.

तिची विळी माझ्याकडेच आहे, भांडणाच्या आधी दिलेली. पाट फाटला होता, तो बदललाय. पात्याला धार लावून, खोबऱ्याचं तेल लावून जुन्या धोतरात गुंडाळलीय. दोनदा घेऊन तिच्या दारापर्यंत गेले. पोरगा घरात होता, ती नव्हती. पोराच्या हातात दिली नाही, परत आणली.